देवगड बंदरात शिडाच्या होडीचा मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून गोव्याकडे शिडाची होडी घेऊन निघणारी माणसं वाढली आहेत. दिवाळी झाली की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात: वाटेत थांबायचं कुठे, नांगर धरतो का, गावात कुणी विचारतं का. आमच्या 28 फुटी होडीने देवगडला मी इतक्यांदा मुक्काम केला आहे की हे बंदर मला दुसऱ्या घरासारखं झालंय. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो.

मुक्कामाला देवगडच का? जयगड, विजयदुर्ग, मालवण का नाही?

जयगड आणि विजयदुर्ग ही दोन्ही उत्तम नैसर्गिक बंदरं आहेत, तिथेही जरूर थांबा. विजयदुर्गात वाघोटण खाडीत आत शिरलं की लाट जवळजवळ संपते. आंग्र्यांचं आरमार तिथे उगाच नव्हतं. मालवणचं मात्र जपून. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक शत्रूला दूर ठेवायला उपयोगी पडले, ते आजही तिथेच आहेत. माहीतगार माणूस होडीवर नसेल तर त्या खडपांत शिरू नये.

देवगडचं वैशिष्ट्य असं की बंदर तीन बाजूंनी जमिनीने कवटाळलेलं आहे आणि गाव धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. ब्रिटिशकाळातल्या गॅझेटियरमध्ये या बंदराचं वर्णन लहान पण सुरक्षित, सुंदर आणि बारमाही शांत असं आहे. मुखाची रुंदी जेमतेम तीन केबल, म्हणजे साडेपाचशे मीटर, आणि सरासरी खोली 18 फूट, म्हणजे कोळ्यांच्या मापात तीन वाव. तेव्हापासून गाळ पुष्कळ साचला, त्यामुळे त्या 18 फुटांवर आज विसंबू नका. शांतपणा मात्र तसाच आहे. बाहेर दर्या खवळलेला असताना आत शिरलात की पाचेक मिनिटांत कपातला चहा सांडायचा थांबतो.

अंतर किती आणि वेळ किती लागतो?

मुंबईपासून साधारण 155 सागरी मैल. रत्नागिरीहून 38च्या आसपास, विजयदुर्गाहून दहा-बारा, पुढे मालवण वीस-बावीस आणि गोव्यातलं आग्वाद साठ. आमच्यासारखी होडी ताशी पाच मैल धरून चालते, म्हणजे मुंबईहून सलग आलात तर दीड दिवस धरा. मी सलग येत नाही. जयगडला एक रात्र काढतो, तिथून अंधार असतानाच निघतो आणि दिवे लागणीच्या आत देवगडला पोचतो. हिशोब अगदी काठावरचा असतो, वारा पडला की इंजिन लावायला संकोच करू नका.

कोणते महिने चांगले?

डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्च चालतो. एप्रिलपासून दुपारचा वारा अंगावर यायला लागतो आणि मे महिन्यात समुद्राची लाट लांबून, जड होऊन येते. यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते आणि त्या दिवसांत आपणही होडी काठावर ओढून ठेवलेली बरी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन नौका पुन्हा समुद्रात उतरतात, पण शिडाच्या छोट्या होडीसाठी तो समुद्र अजून तयार नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश निळं असलं तरी अरबी समुद्रात वादळं होतात, हे लक्षात ठेवूनच तारीख काढा.

वारा दिवसभरात कसा फिरतो?

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे अंगाला लागतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो, गार आणि कोरडा, त्याला शेणाच्या धुराचा आणि गवताचा वास असतो. तो नऊ-दहापर्यंत चालतो. मग तास-दोन तास सगळं ठप्प, शीड ओल्या चादरीसारखं लोंबतं. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो आणि गोव्याकडे जाणाऱ्याला पाठीवर थाप देऊन पुढे ढकलतो. म्हणून दक्षिणेला जाताना पहाटे किनाऱ्याच्या जवळून मतलई घ्या, दुपारी थोडं बाहेर राहून खारा वारा घ्या.

परतीचा प्रवास वेगळा. तोच खारा वारा तोंडावर येतो. दुपारी विजयदुर्गाकडे जाण्याचा हट्ट केला तर बारा मैलांना पाच तास लागतात आणि माणसं आजारी पडतात. परत जाताना पहाटे तीनला निघावं, दहाच्या आत पुढचं बंदर गाठावं आणि दुपारी झोपावं.

बंदरात शिरायचं कसं? रात्री शिरलं तर चालेल?

उत्तरेकडून येताना आधी पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात, मग दीपगृह आणि किल्ल्याचं टोक. ते टोक उजव्या हाताला ठेवून आत वळायचं. टोकाच्या पायथ्याशी खडप आहे, तेव्हा वळण घासून घेऊ नका. जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रॉलरची वाट बघा आणि त्याच्याच मार्गाने मागोमाग जा. त्यांना तिथला तळ स्वतःच्या हाताच्या रेषांसारखा पाठ असतो. देवगड बंदरातल्या आनंदवाडीला मासेमारी बंदराचं काम निघाल्यापासून आतली मांडणी बदलत राहिली आहे, त्यामुळे नकाशा किंवा मागच्या वर्षीचा अनुभव प्रमाण मानू नका.

रात्री पहिल्यांदा येणाऱ्याने शिरू नये. दीपगृह तुम्हाला बंदर कुठे आहे ते सांगतं, आतल्या जाळ्यांच्या दोऱ्या आणि दिवा न लावता नांगरलेल्या होड्या कुठे आहेत ते सांगत नाही. उशीर झाला तर बाहेर खोल पाण्यात शिडं कमी करून रेंगाळा आणि उजाडल्यावर आत या. एक रात्र जागरण परवडतं.

भरतीची वेळ कशी काढायची?

मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, ते बघाच. पण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब शिकून ठेवा: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-सव्वाअकरा, आणि प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा पहिल्यापासून. साधारण सहा तासांनी ओहोटी. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण दिनदर्शिका भिंतीवर असली की फोनची बॅटरी संपली तरी अडत नाही. एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखांनी, मला हे वाळूत काडीने लिहून शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी परीक्षाही घेतली.

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जास्त चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला कमी. मुंबईच्या मानाने देवगडचा चढउतार निम्म्याच्या जवळपास आहे, तरी खोल कण्याच्या, म्हणजे तळ पाण्यात खोल उतरणाऱ्या, होडीने ओहोटीला आत येण्याचं धाडस करू नये. चढत्या पाण्यावर या. रुतलातच तर पुढचं पाणी तुम्हाला उचलतं.

नांगर कुठे टाकायचा? धरतो का?

तळाशी काळा, चिकट गाळ आहे आणि तो नांगर छान धरतो. धक्क्यासमोरची आणि नौकांच्या येण्या-जाण्याची वाट मोकळी सोडा. जिथे दोन होड्यांमध्ये आयती मोठी जागा दिसते, ती बहुतेक कुणाची तरी असते. पहाटे बाहेर गेलेली नौका संध्याकाळी तिथेच परत येणार असते. म्हणून नांगर टाकण्याआधी शेजारच्या होडीवर हाक मारून विचारा. खोलीच्या निदान पाचपट दोर सोडा, पण वारा फिरला की तुमची होडी कुठवर झुलेल तेही बघा. इथल्या नौका आखूड दोरावर असतात, आपण लांब दोरावर असलो की रात्री त्यांच्यावर जाऊन आपटतो.

कधी कधी एखादा तांडेलच सांगतो, आमच्या नौकेला बांधा. बांधा. कडेला टायर लावा, आणि ते कधी निघणार हे विचारून ठेवा, कारण ते पहाटे दोनलाही निघतात.

कोणाकोणाला कळवावं लागतं?

आल्यावर पहिलं काम हेच. महाराष्ट्र सागरी मंडळाचं बंदर कार्यालय आणि पोलीस, दोघांना होडीचं नाव, माणसं किती, कुठून आलात, कुठे जाणार हे सांगा. होडीची नोंदणी, विमा, प्रत्येकाचं आधार कार्ड आणि एक छापील यादी जवळ ठेवा. 2008च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले, तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की गावातला माणूसही फोन करतो. ते योग्यच आहे. ‘सागर कवच’ हा किनाऱ्याच्या सुरक्षेचा सराव चालू असेल तर तपासणी दोन-तीनदा होते. प्रत्येक वेळी तीच उत्तरं शांतपणे द्या.

बाहेर निघण्याआधी घरच्यांकडेही हीच माहिती लिहून ठेवा. संकटात तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन आकडे होडीत सुकाणूजवळ रंगाने लिहून ठेवलेले बरे. व्हीएचएफ रेडिओ असेल तर 16 नंबरची वाहिनी चालू ठेवा.

परदेशी नोंदणीची होडी असेल तर?

थेट देवगडला येऊ नका. आधी मुंबई किंवा मुरगावला सीमाशुल्क आणि इमिग्रेशन पूर्ण करा आणि वाटेतल्या थांब्यांची नावं तिथेच लिहून घ्या.

जाळ्यांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

वाटायलाच हवी. या किनाऱ्यावर शिडाच्या होडीला खडकापेक्षा जाळ्याचा धोका जास्त. दिवसा पाण्यावर थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकचे डबे, काठीला बांधलेलं काळं फडकं दिसलं की समजा, खाली जाळं आहे. रात्री बारीक लुकलुकणारा दिवा असतो, कधी नसतो. दोन बोयांच्या मधून कधीही जाऊ नका, लांबचा वळसा घ्या. किनाऱ्याजवळ माणसं दोन टोकांना दोर धरून उभी दिसली तर ती रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं आहे, तिथून तर फारच दूर राहा.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत, मिठमुंबरीसमोर संध्याकाळी इंजिन लावून येत असताना आमच्या इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं गेलं. इंजिन एकदम बंद. चूक माझी होती, उन्हाची तिरीप डोळ्यावर होती आणि मी बोया पाहिला नाही. वारा पडलेला, होडी जागच्या जागी. अर्ध्या तासाने एक छोटी होडी आली, त्यात बापलेक. जाळं त्यांचंच. मी ओरडा ऐकायच्या तयारीत होतो. बापाने विचारलं, “खयसून इलात?” मुंबईहून म्हटल्यावर तो मान हलवून हसला. मुलगा दातात कोयती धरून पाण्यात उतरला. मी म्हणालो, कापून टाका, पैसे देतो. बाप म्हणाला, “कापूक कित्या? सुटतला.” वीस-पंचवीस मिनिटं तो पोरगा दम धरून खाली जात होता, एक एक वेढा उलटा सोडवत होता. शेवटी कोयती लागली ती दोन ठिकाणीच. वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना दोऱ्याचे बारीक काप गेले होते आणि त्यातून रक्त येत होतं.

फाटलेल्या जाळ्याचे पैसे मी दिले. बापाने नोटा मोजल्या आणि त्यातल्या थोड्या परत केल्या, सांधायला एवढे लागत नाहीत म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर तो जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरून सांधत बसला होता. मी शेजारी बसलो. एक एक डोळा विणायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून संध्याकाळी इंजिनवर येताना एक माणूस नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा केल्याशिवाय मी होडी हाकत नाही.

पाणी, डिझेल, बर्फ मिळतो का?

मिळतो. बर्फ मुबलक, मासळीचं बंदर आहे. मच्छीमार सोसायटीच्या पंपावरचं सवलतीचं डिझेल नोंदणी असलेल्या मासेमारी नौकांसाठी असतं, ते मागून कुणाला अडचणीत आणू नका. कॅन घेऊन गावातल्या पंपावर रिक्षाने जा. प्यायचं पाणी विकत घ्या किंवा विचारून भरा. एप्रिल-मेमध्ये गावालाच पाण्याची ओढ असते, तेव्हा होडी धुवायला नळाचं पाणी मागणं बरं दिसत नाही. वाणसामान, औषधं, एटीएम सगळं बाजारात आहे. शिडाचं सामान मात्र मिळणार नाही, सुया-दोरा, जादा दोर, कप्प्या मुंबईहूनच आणा. इंजिनाला हात लावणारे मिस्त्री उत्तम आहेत.

गावातली माणसं खरोखरच इतकी अगत्याची आहेत का?

याचं उत्तर माझ्यापेक्षा डिसेंबर 2017 देईल. ओखी वादळात सापडलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या 68 नौका भरकटत देवगडच्या आश्रयाला आल्या. त्यांवर 952 मच्छीमार होते. भाषा वेगळी, गाव शेकडो मैल दूर, घरच्यांना जिवंत आहेत की नाही याचा पत्ता नाही. या छोट्या बंदराने त्यांना सामावून घेतलं. आणि हे एकदाच घडलेलं नाही. समुद्र बिघडला की गुजरात, कर्नाटकापासून केरळपर्यंतच्या नौका इथे येऊन उभ्या राहतात, धक्क्यावर पाच-सहा भाषा ऐकू येतात. इथल्या गाबीत या मच्छीमार समाजाच्या घरांत, वाऱ्याने आणलेल्या माणसाला कुठून आलास हे विचारतात, का आलास हे विचारत नाहीत. मला हे बंदर आवडतं ते मुख्यतः यासाठी.

आपण मात्र हे ध्यानात ठेवायचं की हा पोट भरायचा धक्का आहे. लिलाव चालू असताना मध्ये उभं राहून फोटो काढणं, बायकांच्या मासळीच्या टोपल्या ओलांडणं, रात्री होडीवर मोठ्याने गाणी लावणं टाळा. शेजारच्या नौकेवरची माणसं पहाटे उठून गेलेली असतात किंवा जाणार असतात.

खायला काय मिळेल?

संध्याकाळच्या लिलावाला थांबा. बांगडा, सुरमई, सरंगा, म्हाकूल, सुंगटं, कुर्ल्या, जे दर्याने दिलं ते. लिलावात आपण बोली लावू नये, नंतर किरकोळ विकणाऱ्या बाईंकडून घ्यावं, त्या साफही करून देतात. होडीवर रांधायचं असेल तर बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण सगळ्यात सोपं, एका पातेल्यात होतं. कंटाळा आला तर खानावळीत घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढी. चार दिवस हलत्या होडीवर बिस्किटं खाऊन आलेल्या पोटाला सोलकढीइतकं दुसरं काही शांत करत नाही.

मार्चअखेर ते मे आलात तर हापूस. एक पेटी होडीत ठेवली की खालच्या खोलीत झोपताना त्या वासाने घरची आठवण येते. पेटीला वारा लागू द्या, ओल लागू देऊ नका.

एखादा दिवस हाताशी असेल तर काय बघावं?

सकाळी किल्ला. आंग्र्यांच्या काळातला, 1818 मध्ये इंग्रजांकडे गेलेला. अवशेष थोडे आहेत, पण तटावरून आपलीच नांगरलेली होडी खाली दिसते आणि ओहोटीला तळाचा उथळ भाग पाण्याच्या रंगावरून ओळखता येतो. तो नीट बघून घ्या, निघताना कामी येतो.

दुपारनंतर कुणकेश्वर. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून रिक्षाने जाता येतं. समुद्राला लागून उभं असलेलं शिवमंदिर. इथली आख्यायिका अशी की एक परदेशी व्यापारी वादळात सापडला, किनाऱ्यावर त्याला दिवा दिसला, वाचलो तर तुझं देऊळ बांधीन असा नवस त्याने केला आणि तो फेडला. खरंखोटं इतिहासकारांवर सोडतो. पण रात्री बाहेर लाटांत असताना किनाऱ्यावरचा एक दिवा म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्याला त्या नवसाचं नवल वाटत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेला प्रचंड गर्दी असते.

वादळाचा इशारा आला तर बंदरात सुरक्षित आहोत ना?

बाहेरपेक्षा खूपच. पण पूर्ण निर्धास्त राहू नका. मे 2021च्या तौक्ते वादळात आनंदवाडीला उभ्या असलेल्या नौका बुडाल्या आणि खलाशांचे जीव गेले. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला की बाहेर जाण्याचा विचार सोडा. दुसरा नांगर टाका, शिडं पूर्ण उतरवून खाली ठेवा, आणि मोठं वादळ असेल तर होडी बांधून माणसांनी गावात राहायला जा. होडी पुन्हा घेता येते. हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज रोज दोनदा बघा, आणि तो बघूनही धक्क्यावर विचारा. स्थानिक नौका बाहेर पडत नसतील तर तुम्हीही पडू नका.

लहान मुलं बरोबर आहेत. वाटेत उतरावं लागलं तर?

देवगडला एसटीचं आगार आहे, रेल्वेसाठी कणकवली किंवा नांदगाव रोड गाठता येतं. गावात दवाखाने आहेत. मुलांना धक्क्यावर जीवरक्षक जाकीट घालूनच उतरवा, पायऱ्यांवर शेवाळ असतं.

मदतीचे पैसे किती द्यावेत?

कामाचे द्या, अगत्याचे देऊ नका. मिस्त्री, रिक्षावाला, सामान वाहणारा पोरगा यांना घासाघीस न करता द्या. ज्याने नौकेला बांधू दिलं त्याच्या हातात नोट कोंबू नका, त्याच्या मनाला ते लागतं. त्यापेक्षा चहा सांगा. मी मुंबईहून चांगला नायलॉनचा दोर थोडा जास्त आणतो आणि निघताना ठेवून जातो. दोर कधी वाया जात नाही.

निघताना काय करावं?

आदल्या संध्याकाळी बंदर कार्यालयात सांगून ठेवा. मग शेजारच्या नौकेवरच्या तांडेलांना विचारा, उद्या जाळी कुठे आहेत. ते हात करून दाखवतात: इकडे दहा वावांपर्यंत मोकळं, तिकडे जाऊ नको, बाहेरून जा. ते कागदावर लिहून घ्या. पहाटे चारला मतलई सुटल्यावर नांगर उचला. साखळीबरोबर काळा गाळ वर येतो, तो नाळेवर वाळू देऊ नका, बादलीभर पाण्याने लगेच धुवा. इंजिन हळू ठेवा, आजूबाजूला माणसं झोपलेली असतात.